वरसईचे भटजी झाशीत : कामासाठी केलेल्या एका प्रवासाचा इतिहास

१/ पेण तालुक्यात बाळगंगेच्या खोऱ्यात वरसई नावाचे गाव आहे. १८५७ च्या मार्च महिन्यात या गावातून दोन माणसे उत्तरेकडे निघाली. एक विष्णुभट गोडसे, वय तिशीच्या आसपास. दुसरे त्यांचे काका रामभट. लढाई, बंड, स्वातंत्र्य यांतले काहीही त्यांच्या मनात नव्हते. घरावर कर्ज होते, ते फेडायचे होते. उत्तरेत एक मोठा यज्ञ होणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असे त्यांनी ऐकले होते. काही महिन्यांत काम आटोपून परतायचे, इतकाच बेत होता. हा धागा त्या प्रवासाविषयी आहे, आणि त्या प्रवासात त्यांनी पाहिलेल्या एका शहराविषयी. ते शहर म्हणजे झाशी.

२/ या प्रवासाची हकीकत विष्णुभटांनी पुढे स्वतः लिहिली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती मराठी वाचकांना परिचित आहे. तिच्याकडे बहुधा ‘सत्तावनच्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत’ म्हणूनच पाहिले जाते. ते खरेच आहे; परंतु मुळात ही कामासाठी परगावी गेलेल्या माणसाची कहाणी आहे. ही बाजू ध्यानात घेतली, तर त्यांच्या लेखनातील अनेक गोष्टींचा उलगडा होतो. त्यांनी काय पाहिले, काय मोजले, कशाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि कशाकडे त्यांचे लक्षच गेले नाही, हे सारे त्यांच्या व्यवसायाशी बांधलेले आहे.

३/ प्रथम त्या काळच्या परिस्थितीचा विचार करू. पेण आणि रोहे हा खाडीकाठचा मुलूख. इकडे भोगावती, तिकडे कुंडलिका. भातशेती आणि मिठागरे हे येथील मुख्य धन. तांदूळ आणि मीठ गलबतांवर चढून मुंबईला जाई, त्यावर व्यापारी जगत. जमीनजुमला तुटपुंजा असलेल्या भिक्षुक घराण्यांपाशी विकायला तांदूळ नव्हता. त्यांच्यापाशी होती वेदविद्या, मंत्रपाठ, याज्ञिकी. या मालाला गिऱ्हाईक लागे ते राजेरजवाड्यांचे. म्हणून तांदूळ बंदराकडे उतरे, आणि विद्या घाट चढून जाई.

४/ पेशवाईत हे गिऱ्हाईक पुण्यात होते. श्रावणमासात तेथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, आणि तिच्यासाठी दूरदूरच्या गावांतून माणसे येत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. कंपनी सरकारने ही दक्षिणा हळूहळू आखडती घेतली आणि तिच्यातील पैसा पाठशाळा व ग्रंथांची पारितोषिके यांकडे वळवला. शेजारी कुलाब्याला आंग्र्यांचे संस्थान होते. १८४० मध्ये तेथील औरस वंश खुंटला आणि तेही इंग्रजांकडे गेले. १८४८ मध्ये सातारा गेले, १८५४ मध्ये नागपूर गेले. नव्या राज्यात मंत्रपाठाला नोकरी नव्हती. वरसईसारख्या गावातील कर्जाची मुळे अशी राजकारणात गुंतलेली होती.

५/ आश्रयदाते उरले होते ते नर्मदेपलीकडे. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, धार आणि देवास येथे पवार. अठराव्या शतकात मराठी फौजा जेथे जेथे स्थिरावल्या, तेथे तेथे कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी, उपाध्ये यांची मराठी वस्ती झाली. त्यामुळे वरसईच्या भिक्षुकाच्या मनातला हिंदुस्थानचा नकाशा आपल्या नकाशापेक्षा वेगळा होता. त्यात प्रांत नव्हते. आश्रयदाते होते, ओळखीची घरे होती, तीर्थे होती. शेकडो कोस दूर जाऊनही रात्रीचे जेवण मराठी बोलणाऱ्या घरात मिळण्याची आशा असे. अशा नकाशाच्या भरवशावर हे दोघे निघाले.

६/ ज्या यज्ञासाठी ते निघाले, तो होता सर्वतोमुख यज्ञ. दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई शिंदे तो मथुरेला करणार होत्या. लाखो रुपये खर्च होणार, अशी वार्ता दक्षिणेत पसरली होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर एका मोठ्या कामाची जाहिरात झाली होती आणि इच्छुकांची वर्दळ सुरू झाली होती. घरच्यांचा जीव घाबरला. तरुण मुलगा इतक्या लांब जाणार, वाटेत काय होईल, याची काळजी होती. कर्जाचा आकडा मात्र काळजीने कमी होत नाही. अखेर वडीलधारे काका सोबत असल्यावर परवानगी मिळाली.

७/ प्रवासाची साधने पाहा. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली होती. म्हणजे पेणच्या जवळच, घाटाच्या पायथ्याशी, आगगाडीचा धूर दिसू लागला होता. परंतु बोरघाटातून गाडी वर जायला १८६३ साल उजाडायचे होते. उत्तरेचा रस्ता अजून पायांचा आणि बैलगाड्यांचाच होता. दिवसाची मजल, धर्मशाळा किंवा देवळाची ओवरी, नदीवर स्नान, स्वतःच्या हातचा स्वयंपाक, आणि पुन्हा मजल. हा प्रवास सावकाश होता, म्हणूनच त्यात माणसे भेटत, बातम्या कानावर पडत.

८/ अशीच एक बातमी महूच्या वाटेवर कानावर आली. वाटेत गाठ पडलेल्या शिपायांनी त्यांना सांगितले, की लवकरच मोठी गडबड उसळणार आहे. काका-पुतण्यांपुढे प्रश्न उभा राहिला : रिकाम्या हाताने परतायचे, की पुढे जायचे? ते पुढे गेले. या निर्णयात शौर्य शोधण्याचे कारण नाही. रिकामे परतले असते, तर कर्ज तसेच राहिले असते, आणि वाटखर्चाची भर वेगळी पडली असती. कामासाठी बाहेर पडलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून वळणे किती कठीण जाते, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जाण्याची गरज नाही.

९/ ज्या यज्ञासाठी एवढी वाट तुडवली, तो मनातच राहिला. देशभर आग पेटली होती. काका-पुतणे उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे दक्षिणा मिळवीत फिरत राहिले आणि १८५८ च्या वेढ्यापूर्वी काही काळ झाशीला पोहोचले. त्या वेळी झाशी नुकतीच एका विलक्षण स्थित्यंतरातून गेली होती. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर वारले. दत्तकविधान नामंजूर करून १८५४ मध्ये कंपनीने राज्य खालसा केले. जून १८५७ मध्ये तेथील शिपाई उठले आणि इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली. त्यानंतर कारभार पुन्हा राणी लक्ष्मीबाईंच्या हाती आला होता.

१०/ म्हणजे विष्णुभट ज्या झाशीत शिरले, ती दोन सत्तांच्या फटीत श्वास घेणारी नगरी होती. इंग्रज गेले होते आणि परत यायचे होते. मधल्या काही महिन्यांत दरबार भरत होता, न्यायनिवाडा होत होता, देवळांत नैवेद्य चढत होता, अनुष्ठाने बसत होती. अनुष्ठाने बसत होती, म्हणजे ब्राह्मणांना काम होते. संकट जवळ येते, तेव्हा देवाचा धावा वाढतो आणि भिक्षुकाची मागणीही वाढते. वरसईच्या भटजींना येथे काम मिळाले, ओळखी झाल्या, राजवाड्यात जाणे-येणे झाले.

११/ शहर कसे होते? पश्चिमेला टेकडीवर किल्ला, आणि त्याच्या कुशीत तटबंदीने वेढलेली वस्ती. तटाला अनेक दरवाजे : ओर्छा दरवाजा, दतिया दरवाजा, उनाव दरवाजा, लक्ष्मी दरवाजा. बुंदेलखंडातील गावांकडे तोंड करून उभ्या असलेल्या या दरवाजांत एकाचे नाव खंडेराव दरवाजा होते. त्या एका नावातच शहराचा इतिहास सामावला आहे. किल्ला बांधला ओर्छाच्या बुंदेल्यांनी. पुढे तेथे मराठी सुभेदार आले. आणि कोकणातून गेलेल्या नेवाळकरांच्या घराण्यात सुभेदारी स्थिरावली. शहराबाहेर तलावाकाठी महालक्ष्मीचे देऊळ होते, ती या घराण्याची कुलदेवता.

१२/ कामाच्या मधल्या वेळेत विष्णुभट हे शहर हिंडले. त्यांच्या वर्णनात बाजारपेठा आहेत, कोष्ट्यांची वस्ती आहे, हलवाईपुऱ्याची श्रीमंती आहे, देवळे आहेत, विहिरी आहेत. कोणत्या पेठेत पैसा खेळतो, कोणत्या घरी अन्न मिळते, कोण उदार आहे, कोणाचा शब्द राजवाड्यात चालतो, हे त्यांना ठाऊक होते, कारण हे ठाऊक असणे हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. रिकाम्या वेळेचा प्रवासी मनोरे आणि महाल पाहतो. कामावर आलेला माणूस शहर कसे चालते, ते पाहतो. इतिहासाला दुसरी नजर अधिक उपयोगी पडते.

१३/ राणी लक्ष्मीबाईंचे त्यांनी केलेले वर्णनही याच नजरेतून आलेले आहे. पुतळ्यांवरून आपल्याला घोड्यावरची, पाठीशी मूल बांधलेली राणी ठाऊक असते. विष्णुभटांची राणी दिवसाच्या वेळापत्रकात दिसते. पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, रामनाम लिहिलेल्या कागदांच्या कणकेत घालून केलेल्या गोळ्या माशांना टाकणे, मग दरबार. कधी पायजमा, अंगरखा आणि डोक्याला फेटा असा पुरुषी वेष. कधी साधे लुगडे. महालक्ष्मीच्या दर्शनाला जाण्याचे ठरलेले वार. ज्याला राजवाड्यातील कामाची वेळ सांभाळायची असते, त्याला यजमानाची दिनचर्या पाठ होते. आपल्या सुदैवाने या भटजींनी ती लिहून ठेवली.

१४/ १८५८ चा चैत्र उजाडला, तेव्हा सर ह्यू रोजची फौज झाशीच्या दिशेने येत होती. अशा दिवसांतही किल्ल्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले, आणि विष्णुभटांनी त्याची आठवण नोंदवली. गौर मांडलेली, शहरातील सुवासिनींची ये-जा, आणि तटाबाहेर येऊ घातलेला शत्रू. बुंदेलखंडातील एका किल्ल्यात पेण-रोह्याच्या घरांतला सण साजरा होत होता. घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, ते वाचकाने ताडावे. भटजी त्याचा गवगवा करीत नाहीत.

१५/ मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वेढा पडला. तोफा सुरू झाल्या. राणीच्या मदतीला तात्या टोपे मोठी फौज घेऊन आले. परंतु १ एप्रिल रोजी बेतवा नदीकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज तट चढून शहरात शिरली. पुढच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटून काल्पीकडे गेली. इंग्रजी खलित्यांत आणि आठवणींत या मोहिमेची तपशीलवार नोंद आहे : तोफा कोठे लावल्या, खिंडार कोठे पडले, कोणती तुकडी कोणत्या शिडीवरून चढली. ही सारी झाशी तटाबाहेरून पाहिलेली आहे.

१६/ तटाच्या आतली झाशी विष्णुभटांकडे आहे. रात्रीच्या आकाशातून येणारे तापलेले गोळे, पडझड झालेली घरे, पाण्याची भ्रांत. शहर पडल्यावर काका-पुतणे घरातील अंधाऱ्या जागी लपून राहिले. घरात शिपाई शिरले. होते ते द्रव्य हवाली केले आणि जीव वाचला. शेजारच्या घरांतून मात्र गोळीचे आवाज आणि आक्रोश ऐकू येत होते. कोष्ट्यांच्या वस्तीत माणसे कापली गेली, हलवाईपुरा पेटला. रस्त्यांवर प्रेते पडली, त्यांचे दहन होण्याचीही सोय उरली नाही. ज्या पेठांची श्रीमंती त्यांनी काही दिवसांपूर्वी पाहिली होती, त्याच पेठांची राख त्यांना पाहावी लागली.

१७/ लुटीचे त्यांचे वर्णन विशेष लक्षात राहते, कारण ते हिशेबासारखे आहे. आधी सोने, रुपे, नाणे गेले. मग तांब्या-पितळेची भांडी. मग कापडचोपड. शेवटी धान्यदेखील. दिवसागणिक शहर कसे सोलले गेले, ते या क्रमातून समजते. पुढच्या काळातील इतिहासकार ‘शहर लुटले गेले’ असे तीन शब्दांत लिहितो. ज्याने स्वतःच्या गाठीचे चार पैसे गमावले आहेत, तो लुटीची यादी सांगतो. त्या यादीत माणसांचे संसार दिसतात.

१८/ आणखी एका गोष्टीबद्दल त्यांनी दुःख केले आहे : राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाला. राज्यकर्त्यांनी जमवलेल्या पोथ्या, दुरून विद्वान येऊन जेथून नकला करून नेत तो संग्रह, विध्वंसात गेला. सोन्याच्या लुटीइतकेच हे नुकसान त्यांना बोचले. त्यांच्या धंद्यात पोथी हेच भांडवल होते. एका पोथीची नकल करायला किती दिवस बसावे लागते, हे त्यांना माहीत होते. म्हणूनच एखाद्या लष्करी अहवालात ज्याला ओळही मिळणार नाही, अशा हानीची किंमत त्यांना कळली.

१९/ झाशीतून बाहेर पडून ते काल्पीच्या वाटेला लागले. तेथे एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा दिसली. लढाईची धूळ अंगावर, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढून देऊ लागले, तेव्हा तिने त्यांना तसे करू दिले नाही. मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्यायली. हा प्रसंग मराठी वाचकांना सुपरिचित आहे. त्यात एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही : दोघेही त्या क्षणी बेघर प्रवासी होते. काही आठवड्यांपूर्वी एक आश्रयदाती होती आणि एक आश्रित होता. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढाईत पडली.

२०/ विष्णुभटांचा प्रवास मात्र संपला नव्हता. चित्रकूट, काशी, अयोध्या अशी तीर्थे करीत, वाटेत पुन्हा लुबाडले जात, कधी संशयाने अडवले जात, ते परतीला लागले. पैसा साठे आणि जाई. काही महिन्यांसाठी सोडलेल्या वरसईच्या घराचा उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला, तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. हाती धन फारसे नव्हते. खांद्यावर कावड होती आणि कावडीत गंगेचे पाणी. त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले. कर्ज फेडायला निघालेल्या मुलाने आणलेली मिळकत ती हीच.

२१/ हकीकत कागदावर उतरायला आणखी पाव शतक गेले. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या घराण्याशी गोडसे भटजींचा उपाध्येपणाचा संबंध होता. वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास भटजींनी आठवणी लिहिल्या. बंडाविषयी लिहिणे इंग्रजी अमलात निर्धोक नव्हते. पुस्तक छापले गेले १९०७ मध्ये, तेही वैद्यांनी संस्कार केलेल्या स्वरूपात. भटजींचे मूळ लेखन दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आले. हिंदीत अमृतलाल नागर यांनी ते ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने नेले. इंग्रजीतही त्याचे अनुवाद झाले.

२२/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहणे इष्ट. या ग्रंथात तीन प्रकारचे साहित्य एकत्र मिसळलेले आहे. पहिले, डोळ्यांनी पाहिलेले : झाशीची घरे, लूट, विहीर. दुसरे, बाजारात ऐकलेले : इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी केलेल्या कलमांची कथा, राजवाड्यातील जुने किस्से. तिसरे, पंचवीस वर्षांनी आठवलेले, ज्यात तिथी आणि क्रम यांची सरमिसळ होऊ शकते. तारखांसाठी लष्करी कागद अधिक भरवशाचे. गल्लीत काय घडले, यासाठी भटजी अधिक भरवशाचे. एकाने दुसऱ्याला खोटे पाडायचे नसते. दोघांना शेजारी बसवून वाचायचे असते.

२३/ ऐकीव गोष्टीही टाकाऊ नसतात. धर्म बुडवण्याच्या कलमांची यादी खरी होती की नाही, हा एक प्रश्न. ती खरी आहे असे पेण तालुक्यातल्या एका समंजस माणसाला का वाटले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकारी दप्तरात शोधावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर वरसईच्या घरातच मिळते : ज्याची दक्षिणा आटली, ज्याचे आश्रयदाते एकामागून एक खालसा झाले, त्याला आपले सारे जगणेच मोडीत काढले जात आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. अफवा अशाच जमिनीत रुजते.

२४/ पेण आणि रोहे आजही कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची गावे आहेत. पेणचे गणपती दरवर्षी दूरदूरच्या शहरांत जातात, त्यांच्यामागे माणसेही जातात. रोह्याला कोकण रेल्वेचा आरंभ होतो. तेथील फलाटावर सकाळी उभी असलेली गर्दी मुंबई-पनवेलच्या कामांवर जाणारी असते. दोन दिवसांच्या कामासाठी परक्या शहरात गेलेला माणूस परतल्यावर सहसा एवढेच सांगतो, की काम झाले किंवा झाले नाही. चहाची टपरी कोठे होती, कोणत्या गल्लीत कोणते कारागीर बसत, रात्री निवारा कोणी दिला, हे सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटतच नाही.

२५/ विष्णुभटांनाही ते आपणहून लिहावेसे वाटले नव्हते. कोणीतरी विचारले, म्हणून त्यांनी लिहिले. वैद्यांनी आग्रह धरला नसता, तर झाशीच्या गल्ल्यांतील त्या दिवसांची ही मराठी साक्ष वरसईच्या एका ओटीवर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत राहिली असती आणि एक-दोन पिढ्यांत विरून गेली असती. म्हणून या ग्रंथाच्या श्रेयात लिहिणाऱ्याइतकाच विचारणाराही धरला पाहिजे. अभ्यासाची पदवी, दप्तरखान्यात प्रवेश, मोडीचे ज्ञान, हे सारे नंतरचे. पहिले साधन म्हणजे घरातल्या वृद्ध माणसाला विचारलेला प्रश्न : तुम्ही कामाला गेला होता, तेव्हा ते शहर कसे होते?

२६/ हे तातडीचे का आहे, ते वरसईकडे पाहिले की कळते. बाळगंगेवरील धरणाच्या प्रकल्पाने या परिसरातील गावांपुढे विस्थापनाचा प्रश्न उभा केला आहे. विष्णुभट ज्या खोऱ्यातून निघाले आणि कावड घेऊन ज्या वाटेने परतले, त्या भूमीचे रूपच पालटण्याची ही चिन्हे आहेत. झाशीचे वर्णन वरसईच्या माणसाने करून ठेवले. वरसईचे वर्णन कोण करणार? तेथील आळ्या, पाणवठे, देवळे, शेतांची नावे, कोणाच्या घरातून कोण कोठे कामाला गेले, याची यादी करायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. एक वही पुरते.

२७/ ‘माझा प्रवास’ अजून वाचले नसेल, तर शक्यतो मूळ लेखनावर आधारलेली आवृत्ती मिळवून वाचावी. वाचताना एक कागद जवळ ठेवावा आणि पाहिलेले, ऐकलेले, आठवलेले असे तीन रकाने आखून नोंदी कराव्यात. त्याबरोबरच, पेण-रोहे भागातील कोणाच्या घरी जुन्या प्रवासाच्या, हिशेबाच्या, नोकरीच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांतली तांदळाच्या भावाची किंवा धर्मशाळेच्या भाड्याची एखादी ओळ कधीतरी एखाद्या शहराचा पुरावा ठरू शकते. धागा समाप्त.